डोकं की सायलेन्सर

नोव्हेंबरातल्या एका दुपारी हार्लन विकस्ट्रॉम विमान घेऊन आमच्या कालताना गावावर येऊन पोचला आणि गावाची धावपट्टी नदीच्या कोणत्या काठाला आहे, हे त्याला आठवेना.

सगळं दिसत होतं. गोठलेली नदी, शाळेचं हिरवं छप्पर, दवाखान्याच्या चिमणीतून सरळ वर जाणारा धूर. प्रत्येक गोष्ट ओळखीची होती; त्या एकमेकींशी जोडता येत नव्हत्या. त्याने गावावर एक फेरी मारली. मागे बसलेल्या शाळेतल्या बाईंना वाटलं, वारा बघतोय. दुसऱ्या फेरीत पट्टीच्या कडेला पुरलेली काळी पिंपं दिसली आणि हातांनी आपलं काम सुरू केलं. विमान नीट उतरलं. बाई आभार मानून निघून गेल्या. हार्लन हातमोजे काढून आपल्या बोटांकडे बघत जागेवरच बसून राहिला.

कालतानाला रस्ता नाही. उन्हाळ्यात नदी, हिवाळ्यात बर्फावरच्या गाड्या आणि बारा महिने हार्लनचं विमान. एका इंजिनाचं, सहा खुर्च्यांचं, त्याच्या लग्नाहून जुनं. डाक, औषधं, बाळंतिणी, शवपेट्या, कुत्री, सगळं त्यातून येतं आणि जातं. अलास्काच्या या भागात पायलटबद्दल लोक फार बोलत नाहीत. तो येतो, हे गृहीत असतं.

त्या महिन्यात ही पहिलीच वेळ नव्हती. डोकं तर रोजच दुखायचं. कपाळावर कातडी पट्टा आवळल्यासारखं, आणि ते दुखणं संध्याकाळपर्यंत राहायचं. एकदा रेडिओवर त्याने आपल्याच विमानाचा नंबर चुकीचा सांगितला. एकदा पेट्रोल एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर घेतलं की नाही, हे आठवेना म्हणून तो बराच वेळ त्या खटक्याकडे बघत राहिला. यातलं एकही त्याने कुणाला सांगितलं नाही. कारण होतं एमिल, त्याचा बाप.

एमिलही पायलट होता. साठीला टेकला आणि त्याचं डोकं जायला लागलं. आधी नावं गेली, मग वाटा. एका सकाळी तो पट्टीवर गेला. इथे हिवाळ्यात उडायच्या आधी इंजिनावर कापडी गोधडी घालतात आणि खाली शेगडी पेटवून तासभर इंजिनाला ऊब देतात. एमिलने गोधडी पसरली, शेगडी पेटवली आणि शेजारी बसून राहिला. विमान नव्हतं. ते काही वर्षांपूर्वीच विकलं होतं. रिकाम्या बर्फावर गोधडी घालून तो इंजिन गरम व्हायची वाट बघत होता. त्याला घरी आणायला हार्लनच गेला होता. गावात ही गोष्ट अजून सांगतात, पण हार्लन समोर असला की विषय बदलतात.

आता हार्लन एकोणसाठचा होता. विमानखात्याचा डॉक्टर दर वर्षी विचारायचा: डोकेदुखी, चक्कर, विसर? तो दर वर्षी खरंच ‘नाही’ म्हणत आला होता. या वर्षी खरं सांगितलं तर परवाना जाणार आणि तो गेला की परत मिळणं कठीण. विमान सुटण्यापेक्षा त्याला दुसरीच भीती मोठी होती. त्या डॉक्टरने मान हलवून ‘हो, बापासारखंच दिसतंय’ म्हणायची.

एक दुसरी शक्यता होती आणि ती त्याला माहीत होती. अशा विमानांत हीटर म्हणून वेगळं यंत्र नसतं. इंजिनाचा धूर ज्या सायलेन्सरमधून बाहेर जातो, त्याच्याभोवती पत्र्याचं कवच असतं. बाहेरची हवा त्या कवचात तापते आणि नळीने आत येते. सायलेन्सर धड असेल तर हवा शुद्ध. त्याला चीर गेली तर हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. आधी डोकं दुखतं, मग विचार सुटे होतात, मग झोप येते.

म्हणूनच विमानात समोरच्या फळीवर एक कार्ड चिकटवलेलं होतं. खेळायच्या पत्त्याएवढं, मधे केशरी ठिपका. वायू आला की ठिपका काळा पडतो. हार्लन रोज त्या ठिपक्याकडे बघायचा. केशरी. म्हणजे विमान ठीक, आणि मग जे बिघडलंय ते आपणच.

त्या ठिपक्याचं आयुष्य दोन-तीन महिन्यांचं असतं. उन्हाने, काच पुसायच्या औषधाने ते आणखी घटतं. मग तो कशालाच काळा पडत नाही. हे कार्ड विमानाच्या आधीच्या मालकाने लावलं होतं. मुदत कार्डाच्या मागच्या बाजूला छापलेली असते आणि मागची बाजू विमानाला चिकटलेली होती.

नदीच्या खालच्या अंगाच्या मोठ्या गावात रूपर्ट नोलनर विमानं दुरुस्त करतो. तिथे डाक घ्यायला गेला असताना हार्लनने आडून विचारलं.

“रूपर्ट, जुन्या विमानात धूरबीर आत येतो का रे?”

“जुन्या विमानात काय येत नाही? उंदीर येतात, सासवा येतात. का, वास येतोय?”

“नाही. सहज विचारलं.”

“सहज विचारणारा पायलट मी अजून बघितला नाही. डोकं दुखतंय?”

“कुणाचं?”

“माझं तर नाही बुवा.”

“नाही रे. कार्ड आहे की समोर. ठिपका केशरी आहे.”

“मग झालं तर. उन्हाळ्यात कवच काढून मीच बघितलं होतं, धड होतं. आता काढायचं म्हणशील तर या थंडीत माझी बोटं तुटतील, मग तुझं विमान तुझी बायको दुरुस्त करेल.”

हार्लन हसला. खरं बोलला असता तर रूपर्टने बोटं तुटेपर्यंत काम केलं असतं. पण खरं बोललो आणि सायलेन्सर धडच निघाला, तर? मग रूपर्टला कळणार. हार्लन डाकेची पोती उचलून निघाला.

त्याची बायको लोरेटा गावच्या दवाखान्यात आरोग्यसेविका आहे. डॉक्टर फोनवर असतो, इथे प्रत्यक्ष हात लावायला तीच. तिच्या लक्षात न येणं शक्य नव्हतं. मूसच्या, म्हणजे इथल्या थोराड हरणाच्या, मांसाचं सूप तो तसंच ठेवायला लागला. दारातल्या दोन जोड बुटांपैकी आपले कोणते, म्हणून उभा राहायला लागला. तिने एकदा त्याच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला. अठ्ठ्याण्णव. उत्तम. त्या चिमट्याला प्राणवायू आणि हा वायू यांतला फरक कळत नाही. रक्त लाल दिसलं की तो खूश. हे ती कधीतरी शिकली होती, पण त्या क्षणी तिच्या डोक्यातही एमिलच होता.

शेवटी एका संध्याकाळी तिने त्याच्यासमोर खुर्ची ओढली.

“बोल आता.”

“काय बोलू? थकलोय.”

“थकलेला माणूस झोपतो. तू माझ्याकडे असा बघत बसतोस, जशी मी पोस्टातली बाई.”

“डोकं दुखतं.”

“कधी?”

“उडून आलो की.”

“आणि नाही उडालास की?”

“नाही उडालो तर दुखत नाही. पण घरात डोकं लागतंय कशाला? शेगडी कुठाय हे विचारायला?”

“हार्लन.”

“मला परवा पट्टी सापडेना,” तो म्हणाला. “आपली पट्टी.”

दोघांनाही एकच माणूस दिसत होता आणि दोघांपैकी कुणीच त्याचं नाव घेतलं नाही. मग ती उठली. भिंतीवरचा पांढरा डबा तिने फिरवून काढला. हिवाळ्यात घरोघरी लाकडाच्या शेगड्या पेटतात, म्हणून दवाखान्यातर्फे तिनेच गावभर हे भोंगे लावले होते. घरात हा वायू साठला की ते किंचाळतात.

“हा विमानात लाव. वाजला तर विमान.”

“आणि नाही वाजला तर?”

“तर फेअरबँक्सला डॉक्टरकडे. तू आणि मी. दुसऱ्या कुणाच्या विमानाने, आणि तू मागच्या खुर्चीत.”

“बरं,” हार्लन म्हणाला.

अशी कार्डानंतरची दुसरी निवड झाली. सोय म्हणून झाली, भिंतीवर होता म्हणून झाली. आमच्याकडे एक वस्तू चार ठिकाणी वापरायची सवयच आहे. तंबूचं कापड इंजिनाला, इंजिनाचं तेल कुऱ्हाडीला. भोंगा तो भोंगा, घरात काय नि विमानात काय.

पुढचे आठ-पंधरा दिवस हार्लन विमानात बसून एकच गोष्ट मागत होता. भोंगा वाजावा. आपण श्वासातून विष घेतोय, हे सिद्ध व्हावं. मागे बसलेली माणसंही तेच विष घेत असतील, हे त्याच्या ध्यानात यायचं तेव्हा त्याला स्वतःची शिसारी यायची. तरी तो कान लावून बसायचा. भोंगा खुर्चीमागच्या जाळीत गुमान पडून असायचा. थंडी वाढली तशी हार्लनने बाहेरच्या हवेची दोन्ही भोकं रुंद चिकटपट्टीने बंद केली. दर हिवाळ्यात तो तसं करायचा. फटीतून येणारा वारा माणसांना गोठवतो. हीटर पूर्ण उघडा, फटी पूर्ण बंद, आणि भोंगा गप्प.

“वाजला?” लोरेटा रोज विचारायची.

“नाही.”

मग तिने विचारणं सोडलं. डिसेंबरात तिने फेअरबँक्सच्या डॉक्टरची वेळ घेतली. हार्लनने विरोध केला नाही. एक शेवटची फेरी करतो म्हणाला. तिच्या मामाच्या नावाने गावात स्मरणभोजन होतं. वरच्या निकोटना गावातून माणसं आणायची होती. त्यांत तिची एल्फी मावशीही होती. ती दुसऱ्या कुणाच्या विमानात पाय ठेवत नाही.

तो निकोटनाला गेला आणि धुक्यामुळे रात्री तिथेच राहिला. थंडी उणे चाळिसाच्या आसपास. अशा थंडीत विमानाची बॅटरी आणि इंजिनाचं तेल रात्री काढून घरात शेगडीजवळ ठेवतात. सगळे पायलट ठेवतात, हार्लननेही ठेवलं. जाळीतला भोंगा तिथेच राहिला. सकाळपर्यंत त्यातले सेल मेले होते. मेलेला भोंगा आणि गप्प भोंगा बाहेरून सारखेच दिसतात.

त्याच सकाळी कालतानात लोरेटाला मोझेस म्हाताऱ्याच्या घरून बोलावणं आलं. ती पोचली तेव्हा दारं-खिडक्या उघड्या होत्या, घरातली माणसं घोंगड्या पांघरून बाहेर बर्फात बसली होती आणि आत भोंगा केकाटत होता. चिमणीच्या तोंडाशी बर्फ साचून धूर घरात वळला होता.

“कधीपासून वाजतोय?” तिने विचारलं.

“आत्ता इतक्यातच,” मोझेस म्हणाला. “डोकं मात्र उजाडल्यापासून भणभणतंय. सूनबाई ओकली. मला वाटलं, कालचा मासा. तो बघ तुझा डबा. इतका वेळ काय करत होता, नाश्ता?”

लोरेटाने भोंगा बंद करून हातात घेतला. मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं ती आजवर शंभर वेळा वाचून विसरली होती. आता तिथेच उभी राहून तिने ते पुन्हा वाचलं. हा भोंगा थांबतो. मुद्दाम थांबतो. शेगडीचं दार उघडलं, क्षणभर धूर आला, एवढ्यावर घर उठवू नये म्हणून तो वाट बघतो. वायू थोडा असेल तर तासभर, कधी त्याहून जास्त. मधे हवा शुद्ध झाली की त्याचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

निकोटना ते कालताना तासाच्या आतलं उड्डाण आहे. प्रत्येक गावी दार उघडतं. दार उघडलं की भोंगा मागचं सगळं विसरतो. माणसाचं रक्त विसरत नाही; त्यात ते दिवसभर साठत जातं.

आधी तिला आनंद झाला होता, हे तिने नंतर मला सांगितलं. एवढासा, क्षणभर. त्याचं डोकं ठीक आहे! मग तिने कान दिला. दूर नदीच्या वरच्या अंगाला विमानाचा आवाज नव्हता. त्या वेळेपर्यंत तो यायला हवा होता.

पट्टीवर विमानाला सामोरी तीच जाते, म्हणून हातात धरायचा रेडिओ नेहमी तिच्या गाडीत असतो. ती बर्फावरच्या गाडीवर तशीच गुडघे टेकून बसली.

“हार्लन, ऐकतोयस? हीटर बंद कर. लगेच.”

थोडा वेळ नुसती खरखर.

“कालताना, सगळं ठीक.”

“हीटर बंद कर म्हणतेय मी.”

“थंडी आहे, लोरेटा,” आवाज संथ होता, लहान मुलाला समजावल्यासारखा. “मावशीला थंडी वाजेल.”

“मला कशाला मधे घेतोस?” दुसरा आवाज आला. हार्लनशेजारी बसलेल्या एल्फी मावशीच्या कानांवरही हेडफोन होते. “मी बोलले का काही?”

“मावशी! तुला ऐकू येतंय?”

“येतंय, ओरडू नकोस. डोकं फुटतंय माझं. आणि तुझा नवरा मला सकाळपासून दोनदा आई म्हणाला.”

लोरेटाने डोळे मिटले आणि उघडले.

“मावशी, नीट ऐक. विमानात विषारी हवा येतेय. तुझ्या गुडघ्यासमोर दांड्या आहेत, गोल मुठीच्या. दिसतात?”

“दिसतात. लाल ओढू?”

“नको! लालला हात लावू नकोस, इंजिन बंद पडेल. अगदी उजवीकडच्या बघ. एकीवर हीट लिहिलंय.”

“लिहिलं असेल. आता पुसलंय. दोन आहेत. एक आत, एक बाहेर.”

“बाहेर आलेली आत ढकल.”

खरखर. नंतर मावशीचं धापा टाकणं.

“ढकलली. पायाला गरम यायचं थांबलं.”

“आता वर, काचेच्या कोपऱ्यात हवेची भोकं आहेत. पट्टी लावलीय ना? ती फाड.”

“हार्लन, हात बाजूला घे. अरे घे म्हणते ना, मेल्या! माझी कातडं कापायची सुरी आहे.” मग रेडिओत वाऱ्याचा मोठा आवाज घुसला. “आली. बाई गं, केवढी थंडी!”

“मागे कोण आहे?”

“डॅरिल आणि त्याची बायको. झोपलेत.”

“उठव त्यांना.”

“डॅरिल! ए डॅरिल!” बराच वेळ काही नाही. त्या वेळात लोरेटाने रेडिओ एवढा घट्ट धरला होता की, नंतर हातमोजा काढताना बोटं उघडेनात. “उठला. ओकतोय.”

“ओकू दे. ती?”

“तिला मी छडीने ढोसतेय. हां. डोळे उघडलेत. शिव्या देतेय. बरी आहे.”

हार्लन अजून विमान चालवत होता. हात चालवत होते म्हणायला हवं. एवढ्याने त्याचं रक्त शुद्ध होणार नव्हतं, त्याला तास लागतात. पण निदान आणखी विष जात नव्हतं. मावशीने त्याच्याशी बोलणं थांबवलं नाही. लहानपणी याच नदीकाठी तिने सापळे लावले होते. डावीकडे बघ, आता वळ, हे जळकं बेट, नाही नाही, त्या बाजूला नको, तिकडे तुझ्या बापाचा बाप बसलाय का. उणे चाळीसचं वारं तोंडावर घेत हार्लन ती म्हणेल तसा वळत गेला.

विमान पट्टीवर वाकडं टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं आणि कडेच्या बर्फात नाक घालून थांबलं. पंखा वाकला. माणसं धड होती. लोरेटाने चौघांना दवाखान्यात नेलं. तिच्याकडे प्राणवायूचं एकच नळकांडं होतं. ते चौघांत फिरवलं आणि मोझेसच्या घरच्यांनाही दिलं. संध्याकाळी रुग्णांना न्यायचं विमान आलं आणि सगळ्यांना घेऊन गेलं. स्मरणभोजन त्यांच्याशिवाय झालं.

रूपर्टने नंतर कवच काढलं. सायलेन्सरला कवचाआड, सांध्यालगत चीर होती. इंजिन थंड असताना ती मिटलेली दिसायची, तापलं की उघडायची. उन्हाळ्यात ती तिथे होती की नव्हती, हे रूपर्टला सांगता आलं नाही आणि त्याने सांगायचा प्रयत्नही केला नाही. त्याने चीर हार्लनला दाखवली. हार्लनने त्या चिरेवरून बोट फिरवलं. लोक म्हणतात, तो रडला. रूपर्ट म्हणतो, सर्दी होती.

तिसरी निवड मार्चमध्ये झाली, रूपर्टच्या कारखान्यात. नवा सायलेन्सर बसला होता, पंखा बदलला होता. रूपर्टने टेबलावर दोन-तीन वस्तू मांडल्या. लोरेटाही आली होती.

“हे कार्ड,” रूपर्ट म्हणाला. “लावायचं असेल तर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात तारीख लिहून लाव, आणि तीन महिन्यांनी फेकून दे. पण नुसत्या कार्डावर मी तुला उडू देणार नाही. ठिपक्याकडे बघावं लागतं. आणि डोकं जड झालेला माणूस कशाकडेच बघत नाही.”

“तो दिव्याचा?” हार्लनने विचारलं.

“हा बरा आहे. लाल लागला की धोका.”

“कितीला लागतो?” लोरेटाने विचारलं.

“दहा लाख भागांत पन्नास झाले, आणि थोडा वेळ राहिले, की.”

“म्हणजे हाही वाट बघतो.”

“थोडी.”

“मला वाट बघणारं काही नकोय.”

“मग हा घ्या, आकड्याचा,” रूपर्टने एक काळी डबी पुढे सरकवली. “दहाच्या आतसुद्धा आकडा दाखवतो. पन्नासला लुकलुकतो आणि हेडफोनमधे ओरडतो. थंडीत उणे विसापर्यंत चालेल, त्याखाली मी हमी देत नाही, म्हणजे रात्री बॅटरीबरोबर हाही घरात. लावायचा तुझ्या नाकासमोर, होकायंत्राखाली. जाळीत टाकलास तर मी येऊन तुला जाळीत टाकीन.”

हार्लन दिव्याची डबी हातात घेऊन उलटसुलट करत होता.

“हा सोपा वाटतो,” तो म्हणाला. “आकडे कशाला? लागला तर लागला.”

“आकडा वाचता येत नाही का तुला?” रूपर्ट म्हणाला.

त्याला दिवा का हवा, ते लोरेटाला मात्र कळलं. न लागलेल्या दिव्याचे पुष्कळ अर्थ निघतात: वायू नाही, किंवा थोडा आहे, किंवा सेल गेले. माणसाला त्या अंधुकपणात लपता येतं. शून्याचा अर्थ एकच असतो. आकडा शून्य असताना काही विसरलं, तर ते विमानामुळे विसरलेलं नसतं.

“तू ठरव,” ती म्हणाली. “मी सांगणार नाही.”

“दिवा घे, भित्र्या माणसाला दिवाच बरा,” रूपर्ट म्हणाला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. “आणि त्याहून भित्रा असशील तर आकडा घे.”

हार्लनने दिव्याची डबी खाली ठेवली आणि आकड्याची घेतली.

पहिल्या दिवशी पट्टीवर इंजिन चालू करून उभा असताना आकडा अठरावर गेला. वारा मागून होता, स्वतःचाच धूर आत येत होता. विमान वाऱ्याकडे वळवताच आकडा उतरत गेला: बारा, पाच, शून्य. आकाशात तो शून्यच राहिला. दुसऱ्या दिवशीही शून्य. डोकं दुखणं थांबलं होतं. नद्या आपापल्या जागी होत्या, टाक्यांचे खटके लक्षात राहत होते. गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. एल्फी मावशी भेटेल त्याला छडी दाखवून सांगायची की, या छडीने तिने एका बाईला जिवंत केलं.

डॉक्टरची डिसेंबरातली वेळ टळली होती. नवी कुणी घेतली नाही. त्याबद्दल नवरा-बायको बोललेही नाहीत.

हार्लन मात्र सुटला नव्हता. पूर्वी तो भोंगा वाजावा म्हणून कान लावायचा. आता आकडा शून्य बघून तो धास्तावायचा. उडताना तो मनातल्या मनात स्वतःची परीक्षा घ्यायचा. काल कुठे गेलो होतो? पाठीमागे कोण बसलंय? नवऱ्याला संशयाने पछाडावं तसं त्याला स्वतःच्या डोक्याने पछाडलं होतं.

एप्रिलच्या एका स्वच्छ सकाळी तो निकोटनाहून परतत होता. शेजारच्या खुर्चीत एक माणूस बसला होता. हार्लनच्या शाळेतला, त्याच्या लग्नात लाकडं फोडणारा, दर शरदात त्याच्याबरोबर मूसच्या शिकारीला जाणारा. तो खाली बोट दाखवून म्हणाला, “बर्फ सुटायला लागलंय बघ.” हार्लन त्याला नावाने हाक मारून काहीतरी म्हणणार होता. नाव आलं नाही. जिथे नाव असतं तिथे काहीच नव्हतं. त्याने होकायंत्राखाली बघितलं. शून्य.

नाव पट्टीवर उतरल्यावर आलं. अॅम्ब्रोज. अॅम्ब्रोज आपली पिशवी खांद्यावर टाकून, हात हलवून निघून गेला.

नाव कुणीही विसरतं. मी विसरतो, वाचणाराही विसरत असेल. हार्लनने हे स्वतःला सांगून बघितलं. मग त्याने बॅटरी काढली, डबी काढली, घरी गेला आणि बूट न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. लोरेटा सूप ढवळत होती.

“अॅम्ब्रोजचं नाव आठवलं नाही,” तो म्हणाला. “शेजारी बसला होता. बराच वेळ नाही आठवलं.”

तिने डाव बाजूला ठेवला.

“आकडा काय होता?”

“शून्य.”

लोरेटाने हात पुसले, फोन उचलला आणि फेअरबँक्सचा नंबर लावला. डॉक्टरकडची बाई म्हणाली, येत्या आठवड्यात जागा आहे. नाव काय लिहू, असं तिने विचारलं. लोरेटाने फोन हार्लनपुढे धरला. त्याने आपलं नाव आणि आडनाव नीट सांगितलं.